विद्यापीठाला स्वतःचा टॉवर कशाला हवा?

१. वाय-फाय आहे, मोबाइल आहे. आणखी काय हवं?

मोठ्या विद्यापीठाच्या आवारात हल्ली इमारतीगणिक वाय-फाय सापडतं. फाटकाबाहेर दोन-तीन मोबाइल कंपन्यांचे टॉवर उभे असतात. अशा वेळी एखाद्या विद्यापीठाने संशोधनासाठी स्वतःचं खासगी बिनतारी जाळं उभारल्याची बातमी आली की वाचणाऱ्याला साधा प्रश्न पडतो: बाजारातलं सिमकार्ड घेऊन काम भागलं नसतं का?

बऱ्याचदा भागतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. प्रयोगशाळेतलं तापमान दर पाच मिनिटांनी कुठेतरी नोंदवायचं असेल, तर त्यासाठी स्वतःचा टॉवर उभारणं हा निव्वळ शौक आहे.

पण मोबाइल कंपनीचं जाळं ग्राहकाच्या सवयी पाहून बांधलेलं असतं. ग्राहक राहतो तिथे टॉवर येतो. ग्राहक व्हिडिओ पाहतो, म्हणून माहिती खाली उतरवायला जास्त वाव ठेवतात. जाळ्याच्या आतल्या भागाला बाहेरच्या कुणी हात लावायचा नाही, कारण तिथे गडबड झाली तर लाखो फोन मुके होतात. यात कंपनीची काही चूक नाही. तिचा धंदा तोच आहे. संशोधकाची गरज मात्र नेमकी उलटी असते. त्याचं यंत्र निर्जन डोंगरावर असतं. त्याला माहिती उतरवून घ्यायची नसते, वर पाठवायची असते. कधी कधी तर त्याचा प्रयोगच जाळ्यावर चाललेला असतो: आतले नियम बदलले तर काय होतं, हेच त्याला पाहायचं असतं.

आज हा विषय निघाला की ५जीच्या जाहिराती आठवतात. प्रत्यक्षात त्याची सुरुवात १९७१ साली, पॅसिफिक महासागरातल्या बेटांवर झाली.

२. हवाई बेटांवरची गोंधळाची पद्धत

नॉर्मन अ‍ॅब्रमसन हे माहितीशास्त्रातले मोठे अभ्यासक. सर्फिंगच्या ओढीने ते हवाई विद्यापीठात आले. विद्यापीठाचा मुख्य संगणक ओआहू बेटावर होता आणि संलग्न महाविद्यालयं आणखी काही बेटांवर. तो काळ टेबलावरच्या संगणकाचा नव्हता. दूरच्या टर्मिनलवर बसायचं, एक ओळ टंकायची आणि ती टेलिफोनच्या तारेवरून मोठ्या संगणकाकडे पाठवायची. ही तार भाड्याने घ्यावी लागे. ती महाग आणि बेभरवशाची. शिवाय टर्मिनलवरचा माणूस एक ओळ टंकून पुढची अर्धी मिनिटं विचार करत बसतो. तेवढा वेळ तार रिकामी, भाडं मात्र पूर्ण वेळेचं.

अ‍ॅब्रमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तार काढून टाकली आणि रेडिओ आणला. जून १९७१मध्ये ‘अलोहानेट’ चालू झालं. टर्मिनलकडून संगणकाकडे जायला ४०७.३५० मेगाहर्ट्‌झ ही एक फ्रिक्वेन्सी, संगणकाकडून परत यायला ४१३.४७५ मेगाहर्ट्‌झ ही दुसरी. वेग सेकंदाला ९,६०० बिट.

अडचण जाणाऱ्या वाटेवर होती. सगळी टर्मिनलं एकाच फ्रिक्वेन्सीवर बोलणार, आणि दोघांनी एकदम पाठवलं तर दोघांचंही बिघडणार. पाळी कुणी ठरवायची? अ‍ॅब्रमसन यांचं उत्तर ऐकायला विचित्र वाटतं: कुणीच नाही. ज्याला पाठवायचं असेल त्याने सरळ पाठवून द्यावं. संगणकाकडून पोच आली तर ठीक. आली नाही तर समजावं की टक्कर झाली. मग प्रत्येकाने स्वतःपुरता कमीजास्त वेळ थांबून पुन्हा पाठवावं. थांबण्याचा वेळ सोडतीने ठरल्यासारखा असतो, दोघांचा सारखा नसतो. म्हणून पुढच्या खेपेला पुन्हा तीच टक्कर होण्याची शक्यता कमी.

या गोंधळातून किती काम निघतं, याचा हिशोब सोपा आहे. एका पॅकेटमध्ये ८० अक्षरांची एक ओळ आणि पत्ता-तपासणीचे जादा बिट धरून ७०४ बिट असत. ९,६०० बिटांच्या वेगाने असं एक पॅकेट पाठवायला सुमारे ७३ सहस्रांश सेकंद लागतात. सगळे अगदी शहाण्यासारखे एकामागून एक बोलले असते, तर सेकंदाला साधारण साडेतेरा पॅकेट गेली असती. गणित असं सांगतं, की बेशिस्तीत जास्तीत जास्त १८.४ टक्केच क्षमता हाती लागते. म्हणजे सेकंदाला अडीच पॅकेट. प्रत्येक माणूस अर्ध्या मिनिटाला एक ओळ पाठवतो असं धरलं, तर अडीच गुणिले तीस, म्हणजे ७५ माणसं.

ऐंशी टक्क्यांहून जास्त क्षमता वाया घालवणारी योजना कुणी अभिमानाने मांडेल का? पण तुलना कशाशी करायची ते पाहा. भाड्याच्या तारा घेतल्या असत्या तर ७५ माणसांना ७५ तारा लागल्या असत्या, आणि त्यातली प्रत्येक तार जवळजवळ पूर्ण वेळ रिकामी राहिली असती. इथे एकाच फ्रिक्वेन्सीवर, कुठल्याही मुकादमाशिवाय, सगळ्यांचं भागत होतं. पुढे वेळेचे ठरावीक कप्पे पाडून कप्प्याच्या सुरुवातीलाच बोलायचं, एवढी एक शिस्त लावल्यावर हा आकडा दुप्पट, म्हणजे ३६.८ टक्के झाला.

रॉबर्ट मेटकाफ यांनी अ‍ॅब्रमसन यांचा लेख वाचला, ते हवाईला जाऊन आले आणि १९७३मध्ये झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात त्यांनी ईथरनेटची कल्पना मांडली. कार्यालयातल्या संगणकांना जोडणारी केबल आजही त्याच नावाने ओळखली जाते. तुमचा मोबाइल चालू होताना टॉवरला जी पहिली हाक मारतो, ती अजूनही कप्पे पाडलेल्या अलोहाच्याच रीतीने मारतो.

त्या काळच्या कुठल्याही टेलिफोन कंपनीने स्वतःच्या जाळ्यावर हा प्रयोग होऊ दिला नसता. ‘संदेश आपटून फुटू द्या, पुन्हा पाठवू’ हे वाक्य ऐकूनच अभियंत्यांनी दार लावलं असतं. जाळं विद्यापीठाचं होतं म्हणून ते जमलं.

३. बुफे आणि पंगत

आजचं वाय-फाय अलोहाच्या घराण्यातलं आहे. फरक इतकाच, की बोलण्याआधी ते क्षणभर ऐकतं. कुणी बोलत असेल तर थांबतं. लग्नातल्या बुफेवर हेच चालतं. आधी पुढे डोकावायचं, जागा दिसली की ताट सरसावायचं. वीस पाहुणे असतील तर सगळे झटपट जेवतात. पाचशे असतील तर गुलाबजामापाशी धक्काबुक्की होते, आणि एखादा बुजरा पाहुणा अर्धा तास रिकामं ताट घेऊन उभा राहतो.

४जी आणि ५जीचा कारभार पंगतीसारखा आहे. तुम्ही बसून राहायचं. वाढपी येणार आणि कुणाला कधी, किती वाढायचं ते तोच ठरवणार. टॉवरच्या यंत्रणेत असा एक वाढपी असतो. कोणत्या फोनने कोणत्या क्षणी, कोणत्या फ्रिक्वेन्सीवर बोलायचं, हे तो सेकंदाच्या हजाराव्या-दोन हजाराव्या भागाच्या बारकाईने ठरवतो. त्यामुळे गर्दीतही कुणाला किती वेळ थांबावं लागेल, याचा अंदाज बांधता येतो.

संशोधकाच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. सरासरी वेग पाहिला तर चांगलं वाय-फाय कित्येकदा ५जीच्या तोडीचं ठरतं. पण उडत्या ड्रोनला ‘थांब’ सांगायचं असेल तेव्हा सरासरीला कोण विचारतो? सर्वांत वाईट क्षणी किती उशीर होईल, हेच तिथे महत्त्वाचं. फक्त पंगतीत एक मेख आहे: वाढपी कंपनीचा. त्याला हजार पानं सांभाळायची असतात, आणि तुमच्या प्रयोगाचं पान त्यातलं एक. खासगी जाळं म्हणजे वाढपी आपल्या घरचा.

४. डोंगरमाथ्यांवरून सॅन दिएगोकडे

अमेरिकेच्या नैर्ऋत्य टोकाला सॅन दिएगो परगणा आहे. समुद्रकिनाऱ्यावर शहर, मागे डोंगर, त्यापलीकडे वाळवंट. डोंगरात भूकंपमापक यंत्रं आहेत, वेधशाळा आहेत, संरक्षित रानं आहेत. नाहीत ती फक्त माणसं, आणि म्हणून टेलिफोनच्या चांगल्या ताराही नाहीत. २०००मध्ये तिथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या दोघांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानच्या अनुदानातून एक जाळं उभारायला घेतलं. हान्स-वेर्नर ब्राउन हे इंटरनेटच्या जडणघडणीतले जाणकार. १९८०च्या दशकात विद्यापीठांना जोडणाऱ्या एनएसएफनेटच्या कण्यावर त्यांनी काम केलं होतं. फ्रँक व्हर्नन भूभौतिकीचे, आणि त्यांची भूकंपमापकं आधीपासूनच आन्झा गावाच्या परिसरात बसवलेली होती. एकाला दूरदूर जाळं पसरवण्यात रस, दुसऱ्याला दूरदूरची माहिती हवी. त्यांच्या जाळ्याचं नाव एचपी-रेन.

पद्धत जुनीच, सूक्ष्मलहरींच्या दुव्यांची. एका शिखरावर तबकडी अँटेना लावायची आणि तिचं तोंड दुसऱ्या शिखरावरच्या तबकडीकडे नेमकं वळवायचं. या लहरी डोंगर भेदून जात नाहीत, त्यामुळे दोन्ही टोकं एकमेकांना ‘दिसली’ पाहिजेत. पृथ्वी गोल असल्यामुळे सपाट जमीनसुद्धा आड येते. पन्नास किलोमीटरच्या दुव्यात मधोमध जमिनीचा फुगवटा जवळजवळ पन्नास मीटर भरतो. शिखरांवर चढलं की ही अडचण आपोआप सुटते. जिथे वीज नाही तिथे सौरपट्ट्या आणि बॅटऱ्या.

सुरुवातीला मुख्य दुव्यांचा वेग सेकंदाला ४५ मेगाबिट होता. आज हातातल्या फोनला याहून जास्त वेग मिळतो, त्यामुळे हा आकडा क्षुल्लक वाटेल. त्याची किंमत कळायला दोन उदाहरणं घेऊ.

भूकंपमापक जमिनीची हालचाल तीन दिशांनी मोजतो. प्रत्येक दिशेची सेकंदाला १०० मोजमापं आणि प्रत्येक मोजमापाला २४ बिट धरले, तर १०० गुणिले ३ गुणिले २४, म्हणजे सेकंदाला ७,२०० बिट होतात. दिवसभरात सुमारे ७८ मेगाबाइट. वेगाच्या दृष्टीने हे काहीच नाही. पण ही धार चोवीस तास, वर्षानुवर्षं अखंड वाहिली पाहिजे, आणि मोठा धक्का बसतो त्या मिनिटाला तर नक्कीच. नेमक्या त्याच मिनिटाला सगळं शहर एकमेकांना फोन लावू लागतं आणि सार्वजनिक जाळी तुंबतात.

दुसरं उदाहरण पालोमार वेधशाळेचं. तिथल्या ४८ इंची सॅम्युअल ऑशिन दुर्बिणीवर २००३मध्ये ‘क्वेस्ट’ नावाचा कॅमेरा बसवला होता. त्यात ११२ संवेदक चकत्या, मिळून सुमारे १६ कोटी १० लाख ठिपके. एका ठिपक्याला दोन बाइट धरले तर एका पूर्ण चित्राचे सुमारे २५८ कोटी बिट होतात. ४५ मेगाबिटच्या दुव्यावरून ते उतरायला एक मिनिटसुद्धा लागत नाही. त्या काळच्या ५६ किलोबिटच्या टेलिफोन मोडेमवरून पाठवलं असतं तर जवळजवळ तेरा तास लागले असते, म्हणजे एका चित्राला एक रात्र पुरली नसती. फिती गाडीत घालून डोंगर उतरणं हा मार्ग होताच. पण नुकत्याच फुटलेल्या ताऱ्याचा शोध घ्यायचा असेल तर गाडी खाली पोहोचेपर्यंत पुढची निरीक्षणं हुकतात.

याच दुर्बिणीने २१ ऑक्टोबर २००३ रोजी टिपलेल्या चित्रांत जानेवारी २००५मध्ये मायकेल ब्राउन, चाड त्रुहियो आणि डेव्हिड रॅबिनोविट्झ यांना प्लूटोच्या तोडीचा एक पिंड सापडला. त्याचं नाव पुढे एरिस पडलं. एरिस ग्रह मानायचा की नाही या वादातून ऑगस्ट २००६मध्ये प्राग इथे ग्रहाची व्याख्या ठरली आणि प्लूटोचं ग्रहपद गेलं. शाळेच्या पुस्तकातला नववा ग्रह कमी झाला तो या दुर्बिणीच्या कामामुळे, आणि तिची माहिती डोंगरावरून उतरत होती विद्यापीठाच्या बिनतारी दुव्यांवरून.

एचपी-रेनचा सर्वांत मोठा उपयोग मात्र त्याच्या मूळ अर्जात शोधून सापडला नसता, असं मला वाटतं. ऑक्टोबर २००३मध्ये सॅन दिएगो परगण्यात ‘सीडर फायर’ हा वणवा पेटला. त्याने सुमारे १ लाख १० हजार हेक्टर जमीन जाळली आणि पंधरा जणांचे बळी घेतले. डोंगरातल्या वणव्यात अग्निशमन दलाची छावणी जिथे पडते तिथे बहुधा कसलीच जोडणी नसते. एचपी-रेनच्या माणसांना शिखरांवरचे दुवे तोंडपाठ होते; छावणीजवळ एक तबकडी उभी करून जवळच्या शिखराकडे तोंड केलं की नकाशे, हवामान, फोन सगळं चालू होई. अशी जोडणी त्यांनी त्याच वर्षी आधीच्या एका वणव्यातही करून दिली होती. मग शिखरांवर कॅमेरे बसले, वारा आणि आर्द्रता मोजणारी यंत्रं बसली. हवा धोक्याइतकी कोरडी झाली आणि वारा वाढला की आपोआप इशारे जाऊ लागले. २०१३मध्ये इल्काय अल्तिन्तास यांच्या पुढाकाराने ‘वायफायर’ प्रकल्प सुरू झाला, आणि तो याच माहितीच्या आधारे वणवा कुठल्या दिशेने सरकेल याचा अंदाज बांधतो. त्याच विद्यापीठातून चालणाऱ्या ‘अलर्ट कॅलिफोर्निया’ योजनेचे आज राज्यभर हजाराहून अधिक कॅमेरे आहेत.

आणखी एक गोष्ट इथे नोंदवायला हवी. या डोंगरांत मूळ अमेरिकी जमातींच्या राखीव वस्त्या आहेत. पाला, रिंकॉन आणि ला होया या वस्त्यांतली शिक्षणकेंद्रं एचपी-रेनने जोडली. काही काळाने तिथल्या जमातींनी ‘ट्रायबल डिजिटल व्हिलेज’ या नावाने स्वतःचंच बिनतारी जाळं उभारलं. विद्यापीठाचा प्रकल्प संपला की गावातली यंत्रं गंजत पडतात, हा अनुभव जगभरचा आहे. इथे तसं झालं नाही, कारण जाळं चालवायला शिकलेली माणसं गावातलीच होती.

५. हवेचं भाडं

आतापर्यंत ‘फ्रिक्वेन्सी घेतली’ असं आपण सहज म्हणत आलो. ती घ्यायची कुठून? रेडिओलहरींचा पट्टा, म्हणजे स्पेक्ट्रम, सरकारच्या ताब्यात असतो. त्यातला थोडा भाग सगळ्यांना मोकळा आहे; वाय-फाय त्यातच चालतं. परवाना नको, पण शक्ती मर्यादित ठेवायची आणि शेजाऱ्याने त्रास दिला तर तक्रार करायची नाही. मोबाइलचा पट्टा लिलावात जातो. तो भल्यामोठ्या प्रदेशासाठी, भल्यामोठ्या रकमेला. दोन चौरस किलोमीटरच्या विद्यापीठाने या लिलावात काय करायचं?

जर्मनीने यावर सरळ उपाय काढला. ३,७०० ते ३,८०० मेगाहर्ट्‌झ हा पट्टा लिलावातून वगळला आणि नोव्हेंबर २०१९पासून तो जागेपुरता द्यायला सुरुवात केली. कारखाना, शेत, विद्यापीठ, ज्याची जागा त्याने अर्ज करायचा. शुल्काचं सूत्र जाहीर आहे: मुळात १,००० युरो, त्यात पट्ट्याची रुंदी मेगाहर्ट्‌झमध्ये, गुणिले वर्षं, गुणिले ५, गुणिले क्षेत्रफळ ही रक्कम मिळवायची, वस्तीची जमीन असेल तर क्षेत्रफळ सहापट धरायचं. समजा, शहरातल्या विद्यापीठाचं एक चौरस किलोमीटर आवार आहे आणि त्याला पूर्ण १०० मेगाहर्ट्‌झ दहा वर्षांसाठी हवेत. १०० गुणिले १० गुणिले ५ गुणिले ६ म्हणजे ३०,०००, अधिक १,०००. एकूण ३१,००० युरो. तेवढ्याच शेतजमिनीला ६,००० युरो. अर्ज करण्याआधी कुणीही कागदावर हिशोब करू शकतो, हा या पद्धतीचा मला सर्वांत आवडणारा गुण.

अमेरिकेने वेगळी वाट धरली. ३,५५० ते ३,७०० मेगाहर्ट्‌झचा पट्टा मुख्यतः तिथल्या नौदलाच्या रडारसाठी होता, पण रडार सगळीकडे आणि सगळा वेळ चालत नाही. म्हणून तीन पायऱ्या केल्या. पहिला मान रडारचा. दुसरा, लिलावात हक्क घेतलेल्यांचा. उरलेली जागा कुणालाही. कुठे किती जागा मोकळी आहे हे संगणकीय व्यवस्था पाहते, आणि रडारची चाहूल लागली की बाकीच्यांना बाजूला करते. अमेरिकेतली बरीचशी विद्यापीठं खासगी ४जी-५जी चालवतात ती या तिसऱ्या पायरीवर.

६. स्वतःचं ५जी म्हणजे नक्की काय?

ऐकायला अवघड वाटतं, पण भाग तीनच. पहिला, अँटेना आणि तिच्यामागचं रेडिओयंत्र. दुसरा, ‘कोअर’, म्हणजे जाळ्याचं डोकं. फोन कोणाचा, त्याला आत घ्यायचं का, त्याची माहिती कुठे पाठवायची, हे तिथे ठरतं. तिसरा, सिमकार्ड. सिममध्ये एक गुप्त किल्ली असते आणि तिची जोडीची प्रत कोअरमध्ये. दोन्ही जुळल्या तरच प्रवेश. खासगी जाळ्यात या किल्ल्या विद्यापीठाच्या हाती असतात.

पूर्वी कोअर म्हणजे खोली भरून कपाटं असत. आता ते बहुतांशी सॉफ्टवेअर झालं आहे, आणि ओपनएअरइंटरफेस, एसआरएस-रॅन, ओपन५जीएस यांसारखी सॉफ्टवेअर खुली आहेत. एक चांगला संगणक आणि सॉफ्टवेअरने चालणारा रेडिओ एवढ्या सामग्रीवर विद्यार्थी प्रयोगशाळेत छोटं जाळं उभं करतात. आतल्या ओळी वाचता येतात, बदलता येतात. अ‍ॅब्रमसन यांना मिळालेली मोकळीक ती हीच.

दिशेचा प्रश्नही इथे सुटतो. ५जीच्या बहुतेक जाळ्यांत वर आणि खाली जाणारी माहिती एकाच फ्रिक्वेन्सीवर वेळ वाटून घेते. सार्वजनिक जाळ्यात दहातले सात-आठ कप्पे खाली येणाऱ्या माहितीला असतात. शेतावर फिरणारा ड्रोन पिकाची चित्रं वर पाठवत असेल तर त्याच्या वाट्याला दोन-तीनच उरतात. जाळं आपलं असेल तर वाटणी उलटी करता येते. शेजारच्या पट्ट्यात दुसऱ्या कुणाचं जाळं असेल तर मात्र त्याच्याशी मेळ घालावा लागतो, नाहीतर एकाचं बोलणं दुसऱ्याच्या कानात शिरतं.

अमेरिकेत याच कामासाठी चार ठिकाणी मोठी प्रयोगक्षेत्रं उभारली आहेत. सॉल्ट लेक सिटीत युटा विद्यापीठाचं ‘पावडर’ इमारतींच्या गच्च्यांवर आणि आवारातल्या बसगाड्यांवर पसरलेलं आहे. दूरच्या संशोधकाने वेळ आरक्षित करायची आणि आपलं सॉफ्टवेअर त्या रेडिओंवर चढवायचं. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात शहरी गर्दीतल्या लहरी तपासतात, नॉर्थ कॅरोलायनात ड्रोनसाठी आणि आयोवात शेतीसाठी.

यंत्रांपेक्षा अवघड भाग माणसांचा. कंपनीचं जाळं रात्री दोन वाजता बंद पडलं तर कंपनी जागी असते. विद्यापीठाचं बंद पडलं तर बहुधा कुणीतरी पीएचडीचा विद्यार्थी उठतो. अनुदानाच्या अर्जात अँटेनांची किंमत बिनचूक लिहिलेली असते. या जागरणाची सहसा नसते.

७. पालघर, खोडद आणि आपला परवाना

आपल्याकडेही हे काम झालं आहे. आयआयटी मुंबईत अभय करंदीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टीव्हीच्या रिकाम्या पट्ट्याचा अभ्यास केला. ४७० ते ५९० मेगाहर्ट्‌झमध्ये ८ मेगाहर्ट्‌झच्या १५ वाहिन्या बसतात. आपल्याकडे जमिनीवरून टीव्ही प्रसारण करतं ते फक्त दूरदर्शन. त्यामुळे देशात जवळजवळ सगळीकडे यातल्या निदान १२ वाहिन्या मोकळ्या सापडल्या. या लहरींची लांबी अर्ध्या मीटरच्या वर असल्याने त्या झाडीतून वाय-फायपेक्षा बऱ्या पार होतात आणि दूर जातात. मग पालघर जिल्ह्यातल्या गावांत या पट्ट्यावर प्रायोगिक दुवे उभारले गेले. ‘ग्राममार्ग’ या प्रकल्पाला २०१७मध्ये मोझिलाच्या जागतिक स्पर्धेत पहिलं पारितोषिक मिळालं.

नारायणगावजवळच्या खोडदची गोष्ट उलटी आहे. तिथल्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या, जीएमआरटीच्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात आहेत. त्यांना जोडणारं जाळं मुद्दाम तारेचं, प्रकाशतंतूंचं आहे. आकाशातून येणारे रेडिओसंकेत इतके क्षीण असतात की तिथे बिनतारी दुवा म्हणजे स्वतःच्याच निरीक्षणावर पाणी ओतणं. आसपासच्या मोबाइल टॉवरांचाही या दुर्बिणीला उपद्रव होतो.

मे २०२२मध्ये आयआयटी मद्रासच्या नेतृत्वाखाली आठ संस्थांनी मिळून बांधलेली ५जी चाचणी व्यवस्था सुरू झाली. खर्च सुमारे २२० कोटी रुपये. आयआयटी मुंबई आणि पवईची ‘समीर’ ही संस्था त्यात होत्या. त्याच वर्षी जूनमध्ये दूरसंचार विभागाने खासगी जाळ्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. मोबाइल कंपनीकडून जाळं चालवून घ्या, तिच्याकडून स्पेक्ट्रम भाड्याने घ्या, किंवा सरकारकडून थेट मिळवा, अशा वाटा त्यात आहेत. थेट वाटेसाठी आधी मागणीचा अभ्यास करायचं ठरलं, आणि त्यात भाग घ्यायला बोलावलं ते १०० कोटी रुपयांहून अधिक नक्त मालमत्ता असलेल्या उद्योगांना.

ही अट कारखान्यांसाठी समजू शकते. कृषी विद्यापीठाच्या प्रक्षेत्राला किंवा जिल्ह्याच्या ठिकाणच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला ती लावण्यात अर्थ नाही. प्रायोगिक परवान्यावर मर्यादित काळाची चाचणी होते. दहा वर्षं चालणारं निरीक्षण होत नाही. जर्मनीसारखं जागेपुरतं, जाहीर सूत्राने ठरणारं शुल्क शिक्षणसंस्थांसाठी आपल्याकडेही लागू करावं, आणि प्राध्यापकांनी ही मागणी दूरसंचार विभागाकडे आपल्या आवाराचं क्षेत्रफळ आणि हवा असलेला पट्टा यांच्या आकड्यांसह लेखी करावी.